झाकण कुणी काढलं

लाकूड बाजारात त्याला सगळे अध्यक्ष म्हणत आणि घरी तो अजून धाकटाच होता. वय त्रेपन्न, केस पिकलेले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागलेले, तरी थोरला भाऊ हाक मारायचा ती 'धाकट्या' अशीच. फर्निचर बनवणाऱ्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्याच्याकडे सलग बारा वर्षं होतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं, कारण त्यातलं मुख्य काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. सुतारकाम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी दारोदार फिरून देणग्या मागायच्या, हे ते काम.

धाकटा मात्र ते मनापासून करायचा. जो पहिल्यांदा नाही म्हणेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचा, दुसऱ्यांदा नाही म्हणेल त्याच्याकडे तिसऱ्यांदा. दुकानाच्या स्टुलावर बसायचा, चहा घ्यायचा, घरच्यांची चौकशी करायचा आणि निघताना सहज आठवल्यासारखा फंडाचा विषय काढायचा. अध्यक्ष गल्लीच्या टोकाला दिसले की लोक शटरं ओढतात, असा एक विनोद बाजारात चालायचा. तो त्याच्यासमोरच करत आणि तोही हसायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला सुतारकामाची एक शाळा होती. फंडातून तिथल्या गरजू मुलांची फी जायची आणि प्रत्येकाला हत्यारांची पहिली पेटी मिळायची. त्यात रंधा, तीन पटाश्या, हातकरवत, गुण्या आणि डोळ्यांना लावायचा जाड चष्मा. शाळेला त्याची एकच अट होती. मुलांनी मशीनला हात लावण्याआधी, मशीनपासून कसं जपायचं ते तीन महिने शिकवलं पाहिजे.

लोक म्हणत, स्वतःच्या घरात घडलं म्हणून माणसाला कळतं. असं कुणी म्हटलं की धाकटा खाली बघायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

घरात घडलं होतं ते असं. चौतीस वर्षांपूर्वी वडिलांच्या दुकानात हे दोघे भाऊ काम करत. थोरला सव्वीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. त्याच्या हाताला अशी काही देणगी होती की वयानं दुप्पट असलेले कारागीर त्याचं काम बघायला यायचे. त्यानं जोडलेल्या सांध्यात कागदाचा तुकडा जात नसे. काटकोन तर असा काढायचा की वडिलांनी त्याचं नावच गुण्या ठेवलं. सुताराचा गुण्या चुकेल, माझा गुण्या चुकणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. धाकटा एकोणीसचा. त्याचं काम ठीकठाक होतं, म्हणजे कुणी नावं ठेवत नव्हतं आणि कुणी नाव काढतही नव्हतं.

त्या सकाळी धाकटा गोल करवतीच्या मशीनवर खणांच्या फळ्यांना खाच पाडत होता. खाच पाडताना पात्यावरचं झाकण काढून ठेवावं लागतं आणि काम झालं की पुन्हा बसवायचं असतं. एवढा एकच नियम वडिलांनी त्याला शंभरदा सांगितला होता. त्यानं झाकण काढून खिळ्याला अडकवलं, सगळ्या खाचा पाडल्या आणि बाहेरून मित्रानं हाक मारली म्हणून तसाच चहाला गेला. तेवढ्यात थोरला एक फळी घेऊन आत आला. दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यानं पातं वर घेतलं आणि फळी पुढे लोटली. धाकटा पंधरा मिनिटांनी परतला तेव्हा मशीन बंद होतं, भुसा ओला होता आणि शेजारचा दुकानदार थोरल्याला रिक्षात बसवत होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

वडील एका गिऱ्हाइकाच्या घरी कामावर होते. तिथून दवाखान्यात आले ते भुशानं माखलेल्या कपड्यांतच. थोरला कॉटवर डोळे मिटून पडला होता, हाताला उशीएवढं बँडेज. वडिलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि धाकट्याला विचारलं, "झाकण कुणी काढलं होतं?"

वडील मारकुटे नव्हते, पण चूक पोटात घालणाऱ्यांतलेही नव्हते. एका कारागिराला त्यांनी याहून कितीतरी लहान चुकीसाठी कायमचं घरी बसवलं होतं.

"दादानं," तो म्हणाला.

तीन अक्षरं. म्हणताना त्याला वाटलं होतं, आत्ता वेळ मारून नेऊ, दादा बरा झाला की सांगू. दादा बरा झाला. वर्षभर त्यानं डाव्या हातानं रंधा मारून पाहिला. फळीवर लाटा उठायच्या. एके दिवशी त्यानं रंधा पुसला, कपाटात ठेवला आणि दारापाशी टेबल टाकून बसला. लाकूड विकत घ्यायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, मापं लिहून घ्यायची, हे त्याचं काम झालं. डाव्या हातानं लिहायला तो शिकला, पण अक्षर शेवटपर्यंत पहिलीतल्या मुलासारखं राहिलं. वडील भेटेल त्याला सांगत राहिले, पोरगा सोन्यासारखा, पण घाई नडली. आणि थोरला ऐकत राहिला. अकरा वर्षांनी वडील गेले ते हेच समजून. त्यांच्यानंतर दुकान धाकट्यानं चालवलं, वाढवलं, चार मशिनं घेतली. दादाचं टेबल जिथं होतं तिथंच राहिलं. पुढे धाकटा संघटनेत गेला, फंड सुरू झाला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

अध्यक्षपदाच्या बाराव्या वर्षी शाळेतून सोळा मुलांचे अर्ज आले होते आणि शाळेची जुनी करवतही बदलायला झाली होती. बोट लागताक्षणी पातं थांबतं, असं नवं मशीन घ्यायचं होतं. इतकी मोठी रक्कम स्टुलावर बसून जमणारी नव्हती. तेव्हा संघटनेच्या हॉलमध्ये एका रविवारी सकाळी सभासदांनी बनवलेल्या वस्तूंची विक्री ठेवायची आणि देणगीदारांना बोलवायचं, असं ठरलं. चिटणीस प्लायवूडचा व्यापारी होता. माणूस मनानं चांगला, पण प्रत्येक गोष्टीचा खप कसा होईल ते बघणारा. तो म्हणाला, आकडे ऐकून कुणाचा खिसा सैल होत नाही, दादांना दोन शब्द बोलू द्या.

धाकट्यानं लगेच मोडता घातला. दादाला चारचौघांत बोलायची सवय नाही, त्याला त्रास होईल, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं बरंच काही बोलला. कमिटीनं मान डोलावली. पण चिटणीस दुसऱ्या दिवशी थेट दादाच्या टेबलापाशी गेला आणि विचारून मोकळा झाला. आणि इतक्या वर्षांत ज्यानं आपल्या हाताबद्दल चकार शब्द काढला नव्हता, तो दादा हो म्हणाला.

धाकट्याला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला चहा निवून गेला. संध्याकाळी दुकान बंद करताना तो दादाजवळ रेंगाळला. म्हणाला, तू नाही म्हटलंस तरी चालेल, मी बघतो काय ते.

दादा वही मिटत होता. "एवढा कशाला घाबरतोस? बोलायचं मला आहे," तो म्हणाला आणि त्यानं दिवा बंद केला.

पुढचे आठ दिवस धाकट्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. त्याला खात्री होती की दादाला काहीच ठाऊक नाही. दादाला वाटत असणार, झाकण आपणच कधीतरी काढून ठेवलं असेल. शुद्ध हरपली होती, नीट आठवत नसेल. या एका समजावर तो इतकी वर्षं झोपत आला होता. पण दादानं आता सगळं पुन्हा आठवायला घेतलं, एकेक क्षण मांडून पाहिला, तर? जेवताना बायको दोनदा बोलायची तेव्हा त्याला एकदा ऐकू जायचं.

रविवारी हॉल भरला. भिंतीलगत स्टुलं, खुर्च्या, पुस्तकांच्या मांडण्या, एक पाळणा, नक्षीच्या दोन पेट्या मांडल्या होत्या. पहिल्या दोन रांगांत शाळेची मुलंमुली, खाकी एप्रन घालून, हात मांडीवर ठेवून अवघडून बसलेली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. तिला पुढे बोलावलं तरी ती आली नाही. धाकट्यानं प्रास्ताविक केलं. दरवर्षीचंच होतं, पण या वेळी दोन ठिकाणी अडखळला.

मग दादा उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात नेहमीसारखा खिशात. माइकपाशी गेल्यावर त्यानं तो हात बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"मी चांगला सुतार होतो," दादा म्हणाला. "हे मलाच सांगावं लागतंय, कारण ज्यांनी माझं काम पाहिलं ते आता फारसे उरले नाहीत."

कुणी हसलं नाही. दादानं सावकाश, गिऱ्हाइकाला लाकडाची जात समजावून द्यावी तसं, त्या सकाळचं सांगितलं. फळी कोणती होती, दारात कोण उभं होतं, मशीनचा आवाज कसा बदलला. दुखलं नाही, म्हणाला, आधी नुसतं गार वाटलं. बोटं परत मिळणार नाहीत हे तिसऱ्या दिवशी कळलं, आणि हात काम विसरला हे कळायला वर्ष लागलं. ते वर्ष जास्त वाईट होतं.

"पात्यावर झाकण नव्हतं," तो म्हणाला. धाकट्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. दादानं एकदा समोरच्या मुलांकडे पाहिलं. "ते मीच काढलं होतं. घाई होती. तुम्ही घाई करू नका. एवढंच."

तो जागेवर जाऊन बसेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. मग सगळ्यांनीच वाजवली. दाराजवळ ठेवलेले देणगीचे फॉर्म दहा मिनिटांत संपले आणि चिटणीस आणखी छापून आणायला धावला. हॉटेलं चालवणाऱ्या एका बाईंनी मशीनचा निम्मा खर्च तिथल्या तिथे उचलला. लोक धाकट्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, अध्यक्ष, तुमचे भाऊ म्हणजे मोठा माणूस. धाकटा हो हो म्हणत होता. मागच्या रांगेतली वहिनी कधी उठून गेली ते त्याला दिसलंच नाही.

दुपारी तो दुकानामागच्या लाकडाच्या शेडमध्ये गेला. दादा तिथं असणार हे त्याला माहीत होतं. आदल्या दिवशी आलेल्या फळ्या हवा खेळावी म्हणून थराथरानं रचायच्या होत्या. दादा डाव्या हातानं दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या सारत होता.

"दादा, झाकण तू नव्हतं काढलंस," धाकटा म्हणाला.

"हं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुकानात आपण दोघं. मी काढलं नाही हे मला माहीत. मग उरलं कोण?" दादानं पट्टी सरळ केली. "आणि बाबांना तू काय सांगितलंस तेही ऐकलं मी. डोळे मिटले होते, कान नाही."

धाकटा फळ्यांच्या ढिगावर बसला. चौतीस वर्षं जिच्यावर पाय रोवून उभा होता ती जमीन तिथं कधी नव्हतीच. मग त्यानं विचारलं, दादा, तू तेव्हाच का बोलला नाहीस.

दादा काम थांबवून भिंतीला टेकला. म्हणाला, आधी दुखण्यात सुचलं नाही. मग वाटलं, बाबा याला हाकलून देतील, पोर आहे, कुठे जाईल. मग वाटलं, हा आपणहून सांगेल. वहिनीला तो म्हणालाही होता, बघ, महिन्याभरात येईल आणि पाय धरेल. महिना गेला, वर्ष गेलं. बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा तर त्याला खात्रीच वाटली की आता सांगेल, आता नाही सांगितलं तर कधी.

"बाबांच्या खोलीतून तू बाहेर आलास," दादा म्हणाला, "माझ्या शेजारी बसलास. मला वाटलं, आत सांगून आला. तू म्हणालास, डॉक्टरांची फी दिलीस का."

धाकट्याला ते आठवत नव्हतं. पण तसंच झालं असणार.

"बोटांचं मला आता काही वाटत नाही," दादा म्हणाला. "मीही बघायला हवं होतं मशीन चालू करण्याआधी. ती माझी चूकच. पण बाबा मला निष्काळजी समजून गेले. ते तू निस्तरू शकत होतास. अकरा वर्षं होती तुला."

"मग आज का माझ्यासाठी खोटं बोललास?"

"तुझ्यासाठी नाही. समोर ती पोरं बसली होती. त्यांची फी तुझ्या शब्दावर उभी आहे. आणि दुसरं असं, की ते सांगणं माझं काम नाही. मी सांगितलं असतं तर तू सुटला असतास. मी तुला कशाला सोडवू?"

धाकटा उठून जवळ गेला. त्याला तो हात हातात घ्यायचा होता, पण दादानं तो खिशात घातला.

"मला माफ कर, दादा."

"ते आज नको मागूस," दादा म्हणाला आणि पुढची पट्टी उचलली.

घरी गेल्यावर धाकट्यानं बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना तो भिंतीकडे बघत होता. सांगून झाल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती शांतपणे म्हणाली की जाऊबाईंनी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

"आणि तू मला काही बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल तेव्हा ऐकायचं असं ठरवलं होतं मी. मग मुलं झाली, त्यांच्या शाळा आल्या. राहिलं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "जाऊबाई तुम्हाला ताटात वाढायच्या ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. म्हणजे घरातली सगळी माणसं त्या गोष्टीभोवती सांभाळून चालत होती, अंधारात टेबलाला धक्का लागू नये म्हणून चालावं तशी, आणि तो एकटाच समजत होता की ती फक्त त्यालाच दिसते. लाजेनं माणसाला ताप येतो हे त्याला त्या दिवशी कळलं. दोन दिवस तो दुकानात गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात शाळेत हत्यारांच्या पेट्या वाटायचा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी धाकट्यानं चिटणीसाला जाऊन सांगितलं की उद्या मी मुलांना खरं काय ते सांगणार आहे. चिटणीसानं ऐकून घेतलं. मग दुकानातल्या पोऱ्याला चहा आणायला पाठवून त्यानं समजूत घातली. झालं गेलं होऊन गेलं. तुम्ही मन हलकं कराल, पण फटका कुणाला बसेल? देणगीदार म्हणतील, यांनी आम्हाला भावाचं दुःख विकलं आणि तेही खोटं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. धाकट्याला एक क्षण वाटलं, हे बरं निमित्त मिळालं. आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत, कामाच्या बाकांमधल्या जागेत, सोळा मुलं उभी होती. पेट्या वाटून झाल्या. शिक्षक म्हणाले, अध्यक्ष दोन शब्द बोलतील. धाकटा उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. माइक नव्हता, त्यामुळे आवाज चढवून सांगावं लागलं, आणि अशी गोष्ट मोठ्या आवाजात सांगणं फार कठीण होतं. झाकण मी काढलं होतं. परत बसवलं नाही. चहाला गेलो. वडिलांनी विचारलं तेव्हा भावाचं नाव घेतलं. माझ्या भावानं त्या दिवशी तुमच्यासमोर जे सांगितलं त्यातलं तेवढं एक वाक्य खरं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे खोटं होतं.

शिक्षक जमिनीकडे बघत होते. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं, लांब वेणी एप्रनच्या आत खोचलेली होती तिनं, हात वर केला.

"सर, मग तुमच्या वडिलांना कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं," धाकटा म्हणाला. "ते वारले."

मुलगी ओशाळून पुढच्या मुलाच्या आड सरकली. तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच विचारलं. धाकट्यानं तिला म्हणायचा प्रयत्न केला की तू बरोबर विचारलंस, पण ते वाक्य तोंडातच राहिलं.

बाजारात बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. हॉटेलवाल्या बाईंनी दोन ओळींचं पत्र पाठवून मशीनच्या रकमेतून माघार घेतली. काही जणांनी येऊन पाठीवर हात ठेवला, काहींनी समोरून येताना रस्ता बदलला. धाकट्यानं राजीनामा दिला. चिटणीसानं तो दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला आणि मग घेतला. नव्या मशीनचं पुढच्या वर्षावर गेलं. मुलांची फी मात्र सगळ्यांची भरली गेली. त्यासाठी धाकट्यानं काय विकलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दादा यातलं काहीच बोलला नाही. फक्त, शाळेतल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही. चौतीस वर्षांत ताप असला तरी गळ्याला रुमाल गुंडाळून येणारा माणूस. धाकट्यानं अकरापर्यंत वाट पाहिली आणि मग मागच्या बाजूला दादाच्या दोन खोल्या होत्या तिकडे गेला. वहिनीनं दार उघडलं. खोलीत जमिनीवर बॅगा उघड्या पडल्या होत्या.

दादा खुर्चीत बसला होता. "सांगितलंस म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"बरं झालं." मग खिडकीकडे वळून म्हणाला, "बाबा असायला हवे होते."

धाकटा दाराशीच उभा राहिला. बस म्हणेल अशी वाट पाहत होता, पण ते कुणी म्हटलं नाही. मग दादानं सांगितलं की तो आणि वहिनी लेकीकडे राहायला जाताहेत. लेक दुसऱ्या शहरात होती, दिवसभराच्या प्रवासावर. कितीतरी वर्षं बोलावत होती. धाकटा घाबरून म्हणाला, दुकान? तुझं टेबल?

"त्या टेबलाचा मला कंटाळा आलाय," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मशीन चालू झालं की अजूनही बोटांपाशी तसंच गार वाटतं. रोज. तुला कधी सांगितलं नाही. सोडून गेलो असतो तर बाजारानं विचारलं असतं, थोरला का गेला, भावाशी बिनसलं का, आणि मग काहीतरी सांगावं लागलं असतं. म्हणून बसून राहिलो. आता कुणी विचारणार नाही."

धाकट्याला वाटलं होतं, खरं बोललं की दादा परत मिळेल. कुठेतरी आत त्यानं ते गृहीतच धरलं होतं. आपण सांगायचं, दादानं थोडं रागवायचं, थोडं रडायचं, आणि मग दोघांनी चहा घ्यायचा. ते सांगितल्यामुळेच दादाला जाता येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो वहिनीकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला."

वहिनी साड्यांच्या घड्या करत होती. लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. हात बरा होईपर्यंत ती नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची, त्याला भरवायची, आणि त्याच घरात दिराला गरम गरम वाढायची. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, ती दोरी जरा धरता का? गाठ बसत नाहीये."

धाकट्यानं दोरी धरली. बॅगा बांधून झाल्या. त्या शनिवारी त्यानं स्वतः सामान टेंपोत चढवलं आणि दोघांना स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. दादानं त्याला सांगितलं की लाकूडवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस, तो फसवतो. गाडी हलली तेव्हा दादानं डावा हात थोडासा वर केला. निरोप घेण्यासाठी की ऊन आलं म्हणून, ते धाकट्याला नक्की कळलं नाही.

आता महिन्यातून एकदा तो फोन करतो. वहिनी उचलते. लेकीचं बरं चाललंय, नातू शाळेत जातो, हे दोन वेळा फिरून येतात, असं सगळं नीट सांगते, धाकट्याच्या मुलांची चौकशी करते. मग तो म्हणतो, दादाला देता का जरा. वहिनी क्षणभर थांबते आणि म्हणते की ते झोपलेत. सकाळी दहाला केला तरी झोपलेले असतात, दुपारी चारला केला तरी झोपलेले असतात. उठले की सांगते हं, असं ती दर वेळी म्हणते, आणि धाकटा दर वेळी म्हणतो, सांगा.